भेटीची वेळ चार ते सहा

नणंदेने मला माझ्याच घराबाहेर काढलं आणि आतून कडी लावली.

"वाजव आता," आतून आवाज आला. "आणि थांब."

मी दार वाजवलं. थांबले. काही नाही. पुन्हा वाजवलं. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे शिक्षक दोन्ही हातांत पिशव्या घेऊन जिना चढत आले आणि मला बघून घुटमळले.

"किल्ली विसरलात का?"

"नाही. नणंद आलीय."

त्यांनी समजल्यासारखी मान हलवली आणि आणखी काही न विचारता वर गेले. तिसऱ्यांदा वाजवल्यावर दार चार बोटं उघडलं. फटीत ताईंचा एक डोळा आणि अर्धा चष्मा दिसला.

"कोण पाहिजे?"

"ताई, पुरे झालं आता. गॅसवर दूध ठेवलंय. आत येऊ द्या."

"नापास," ताई म्हणाल्या आणि दार लावून घेतलं. दूध उतू गेलं ते मला बाहेर वासावरूनच कळलं.

मी रागीट बाई आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला ऐकवायला नको. तीस खाटांच्या पुरुषांच्या वॉर्डात मी अठरा वर्षं सिस्टर आहे. तिथे बाई रागीट नसेल, तर लोक तिला गादीखाली घालून वर चादर अंथरतील. पण गेल्या वर्षी एका धिप्पाड माणसाला कुशीवर वळवताना माझ्या कमरेत कटकन वाजलं, आणि डॉक्टरांनी सांगितलं की यापुढे माणूस उचलायचा नाही. माणूस उचलायचा नाही तर वॉर्डात करायचं काय? आमच्या इन्चार्ज सिस्टरकडे उत्तर तयार होतं. पुढच्या महिन्यापासून कपड्यांच्या खोलीत बसायचं आणि धुऊन आलेल्या चादरी मोजून घ्यायच्या. "आराम आहे हो," असं म्हणाल्या, वर हसल्याही.

त्याच आठवड्यात सार्वजनिक आरोग्य परिचारिकेच्या एका जागेची जाहिरात आली. घरोघर जायचं, बाळंतिणी आणि बाळं बघायची, क्षयरोगाच्या गोळ्या चालू आहेत का ते पाहायचं, म्हाताऱ्यांच्या जखमा बघायच्या. चालायचं खूप, उचलायचं काही नाही. वयाची अट पंचेचाळीस, आणि मला पंचेचाळीस पूर्ण व्हायला दोन महिने उरले होते. ही जागा मिळाली तर मी सिस्टर राहणार होते, नाही तर उरलेली सगळी वर्षं चादरी.

मुलाखतीचं पत्र आलं, आणि नवऱ्याने मला न विचारता आपल्या बहिणीला फोन लावला. "अगं, ताईने एकतीस वर्षं हेच काम केलंय," तो म्हणाला. "तिच्याइतकं चांगलं कोण शिकवणार?" खरंच होतं ते, आणि म्हणूनच माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ताई मागच्या वर्षी निवृत्त झाल्या. लग्न केलं नाही, एकट्याच राहतात. सहा वर्षं आम्ही दोघी कामापुरतंच बोलत होतो, आणि काम आम्ही पडू देत नव्हतो. मला वाटलं, त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "रविवारी येते." मला तिथेच संशय यायला हवा होता.

सहा वर्षांपूर्वी काय झालं ते सांगते. सासरे ताईंकडे राहायचे. एक्याऐंशी वर्षांचे, अंथरुणाला खिळलेले. गिळायला त्रास व्हायचा, म्हणून ताई त्यांना चमचा चमचा भरवायच्या. एका जेवणाला तास लागायचा. एक दिवस नवरा त्यांना बघून आला आणि म्हणाला, बाबांना धाप लागतेय. दुसऱ्या दिवशी मी अँब्युलन्स घेऊन गेले. ताई त्यांच्या कामावर, घरोघर फिरत होत्या. मी नवऱ्याकडच्या किल्लीने दार उघडलं आणि बाबांना वॉर्डात आणलं. निरोप ठेवायचं डोक्यातच आलं नाही. ताई घरी आल्या तेव्हा खाट रिकामी होती. पाचव्या दिवशी सकाळी सात वाजून वीस मिनिटांनी बाबा गेले. तेव्हा मी नुकतीच ड्युटीवर आले होते आणि ताई वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. नातेवाइकांच्या भेटीची वेळ चार ते सहा. नियम डॉक्टरांचा, पहारा वॉचमनचा. मी फक्त ड्युटीवर होते. बाबांना न्यूमोनिया होता, ऑक्सिजन लागणारच होता, घरी त्यांनी दोन दिवसही काढले नसते. मी बरोबर होते. हे मी सहा वर्षं सांगत आले होते, बहुतेक वेळा स्वतःलाच, कारण दुसरं कुणी विचारत नव्हतं.

तर, दूध उतू गेलेल्या त्या रविवारी ताई टेबलाशी बसल्या. समोर एक काडेपेटी ठेवली, बाजूला रिकामी वाटी. नवऱ्याने वर्तमानपत्र उघडून आमच्या आणि आपल्यामध्ये धरलं.

"वॉर्ड का सोडायचाय?" ताईंनी विचारलं.

"समाजाच्या शेवटच्या घटकापर्यंत आरोग्यसेवा पोचवण्याची माझी पहिल्यापासून..."

"कुठून पाठ केलंस?"

"पुस्तकातून."

"पुस्तक येणार आहे का उद्या कामावर? खरं सांग."

"कंबर गेली."

"हेच सांगायचं. या घरात पहिलं खरं वाक्य ऐकलं."

नवऱ्याने पान उलटलं नाही. पाव तास झाला तरी तो त्याच पानावर होता.

मग ताई नुकत्याच बाळंत झालेल्या बाई झाल्या. मांडीवर सोफ्यावरची उशी घेतली, ती बाळ. मी घरी भेट द्यायला आलेली परिचारिका. मी म्हटलं, "बाळ इकडे द्या. शेवटचं कधी पाजलंत? कपडे काढा त्याचे. इथे झोपवा." ताईंनी शांतपणे तीन काड्या काढून वाटीत टाकल्या.

"हे काय?"

"हुकूम. एका हुकमाला एक काडी. पाजलं कधी विचारलंस तो प्रश्न होता, तो सोडला."

"हुकूम कसला? मी कामाचं बोलतेय."

"वॉर्डात माणूस तुझ्याकडे आलेला असतो, सिस्टर." त्या मला मुद्दाम सिस्टर म्हणत होत्या, आणि तो शब्द त्यांच्या तोंडून शिवीसारखा यायचा. "घाबरलेला, अर्धा उघडा, तुझ्या खाटेवर. घरात तू त्याच्याकडे जातेस. दार त्याचं, खुर्ची त्याची, पोर त्याचं. त्याने नको म्हटलं तर?"

"समजावीन."

"काडी."

"न ऐकण्याचे परिणाम सांगीन."

"त्याच्या दोन."

"मग काय करू? हात हलवत परत येऊ?"

"हो. 'बरं, परत कधी येऊ?' एवढं विचारायचं, आणि सांगितलेल्या वेळेला परत जायचं. जाताना तोंड वाकडं करायचं नाही."

"याला काम म्हणतात?"

"मी एकतीस वर्षं केलंय," ताई म्हणाल्या. "आणि भेट झाल्यावर वहीत काय लिहिशील?"

"बाई हट्टी आहे."

"तुला दिसलं काय?"

"दार उघडलं नाही."

"मग तेवढंच लिही. हट्टी हे तुझ्या डोक्यातलं. वहीत दिसलं तेवढंच लिहायचं." हे त्यांनी हळू आवाजात सांगितलं आणि नंतर बराच वेळ माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, हीपण एक खोड असेल.

संध्याकाळपर्यंत वाटीत एकतीस काड्या जमल्या. "अख्ख्या आठवड्याचा स्वयंपाक होईल एवढ्यात," ताई म्हणाल्या आणि चप्पल घालून गेल्या. दार मी आपटलं नाही. वाऱ्याने आपटलं, असं नवऱ्याला सांगितलं.

बुधवारी त्या परत आल्या. मुलाखतीत हमखास विचारतात असा एक प्रश्न त्यांनी काढला. तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा. त्याचं उत्तर मी आधीच घासूनपुसून ठेवलं होतं. सारख्या दिसणाऱ्या दोन औषधांच्या बाटल्या शेजारी शेजारी ठेवलेल्या, माझा हात चुकीच्या बाटलीवर गेला, पण सवयीप्रमाणे नाव दोनदा वाचलं म्हणून वेळेत लक्षात आलं, आणि तेव्हापासून मी बाटल्यांच्या जागा बदलायला लावल्या.

"ही चूक नव्हे, ही जाहिरात," ताई म्हणाल्या. "दुसरी आण."

"दुसरी नाही माझ्याकडे."

"शोध," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी तेवढ्यावरच उठणं पसंत केलं.

शिकवलेलं वॉर्डात करून बघावं असं मनात आलं. दुसऱ्या दिवशी सात नंबरच्या खाटेशी गेले आणि पडदा ओढायच्या आधी म्हटलं, "आत येऊ का? जखम बघायला आलेय. आत्ता चालेल ना?" सात नंबरचा रंगारी पांढराफटक पडला. "सिस्टर, काय झालं?" त्याने विचारलं. "रिपोर्ट वाईट आलाय का? घरच्यांना बोलावू?" त्याला गप्प करायला पाच मिनिटं लागली. तेवढ्यात इन्चार्ज सिस्टर मागे येऊन उभ्या होत्या.

"वा," त्या म्हणाल्या. "रंगीत तालीम चाललीय. घरोघर जाऊन लोकांचा चहा पिणार म्हणे तुम्ही."

"मिळाला तर पीन."

"सोमवारी तुमची सकाळची ड्युटी लावलीय."

"सोमवारी माझी मुलाखत आहे. मी महिन्यापूर्वी लिहून दिलंय."

"हो का? माझ्या वाचनात नाही आलं."

त्या कागदावर त्यांचीच सही होती, माझ्याकडे त्याची प्रत होती, आणि ती मी त्यांच्या टेबलावर अशी ठेवली की पेनांचा डबा उडाला. सोमवारची ड्युटी बदलली. पण त्या जाता जाता म्हणाल्या, "चादरींची खोली रिकामीच ठेवते. परत याल तेव्हा असू दे." दिवसभर माझ्या डोक्यात तिडीक होती. रंगाऱ्याची जखम मात्र मी विचारूनच उघडली. दुसऱ्यांदा त्याने "चालेल" म्हटलं आणि एक गोष्ट स्वतःहून सांगितली. रात्रीची गोळी तो तीन दिवस उशीखाली लपवत होता. ताई बरोबर आहेत हे कळणं मला अजिबात आवडलं नाही.

शेवटची तयारी रविवारी, मुलाखतीच्या आदल्या दिवशी, ताईंच्या घरी ठरली. का, ते त्यांनी सांगितलं नाही. मी सहा वर्षांत त्या जिन्यावर पाय ठेवला नव्हता. दुपारी गेले. तीन मजले चढून कंबर बोलायला लागली. दार वाजवलं, थांबले. या वेळी त्यांनी लगेच उघडलं.

"आत येऊ का?" मी विचारलं, जरा तिरकसच.

"ये."

बाबांची खोली आता बसायची खोली झाली होती. खाटेच्या जागी लिहायचं टेबल होतं. भिंतीवर खाटेचा कठडा घासून पडलेला पट्टा मात्र तसाच होता. त्यावर रंग द्यायला ताईंना एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर वेळ मिळाला नसेल असं नव्हतं. त्यांनी मला पाणी दिलं आणि समोर एक कागद ठेवला. त्यांच्या अक्षरात चार ओळी होत्या.

"केस आहे," त्या म्हणाल्या. "मोठ्याने वाच."

मी वाचलं. वयस्क पुरुष, अंथरुणाला खिळलेला, गिळायला त्रास. मुलगी एकटी सांभाळते. वजन घटतंय. आधीच्या नोंदीत लिहिलंय, मुलगी सहकार्य करत नाही. तुम्ही पहिल्यांदा त्या घरी जाताय. काय कराल?

मला कळायला हवं होतं. पण आठ दिवस माझ्याकडून एवढं घोटून घेतलं होतं की उत्तर आपोआप बाहेर पडलं. मी म्हटलं, दार वाजवून थांबेन. मुलीला विचारीन, आत्ता वेळ आहे का. आधी रुग्णाकडे नाही, तिच्याकडे बघीन. ती दिवसभर काय काय करते ते तिच्याच तोंडून ऐकीन. भरवायला किती वेळ लागतो ते विचारीन, आणि तिची हरकत नसेल तर ती भरवत असताना शेजारी बसून बघीन. घर तिच्यावर चाललंय. ती माझ्याशी बोलली नाही, तर मी तिथे काहीच करू शकत नाही.

"आणि ती नोंद?"

"त्या नोंदीवर मी जाणार नाही. सहकार्य करत नाही म्हणजे काय? कुणीतरी घाईत खरडलेलं असणार. नेमकं काय घडलं ते त्यात नाहीच. लिहिणाऱ्याला आधी विचारीन की बाई, तुला दिसलं काय?"

"काडी एकही नाही," ताई म्हणाल्या. "पास. आता कागद उलट."

मागच्या बाजूला बाबांच्या केसपेपरची झेरॉक्स होती, आमच्याच हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाचा शिक्का असलेली. तिसरा दिवस, दुपारी दीड वाजता. माझं अक्षर. माझं अक्षर मला अंधारातही ओळखू येईल, उजवीकडे कलणारं, घाईचं. "नाकातून नळी घालण्यास विरोध. मुलगी सहकार्य करत नाही." खाली माझी सही. त्याच्या खाली डॉक्टरांनी लिहिलं होतं, "वरील नोंद पाहता मुलीला भेटीच्या वेळेखेरीज प्रवेश देऊ नये. निर्णयासाठी मुलाशी बोलावे."

मी ते दोनदा वाचलं. सवय आहे ती.

"तो नियमच होता," मी म्हटलं. "चार ते सहा. सगळ्यांना."

"नऊ नंबरच्या म्हाताऱ्याचा मुलगा दिवसभर खुर्ची टाकून बसला होता. अकरा नंबरची बायको सकाळी दाढी करून द्यायला यायची. तूच त्यांना आत सोडायचीस. वॉचमन तुला विचारायचा, आणि तू मान हलवायचीस. मी बाकावरून बघत होते."

हे खरं होतं. नियम कागदावर होता. जे नातेवाईक उपयोगी पडतात त्यांना आम्ही आत घेतो, सगळेच वॉर्ड घेतात. माझ्या एका ओळीने ताई उपयोगी नसलेल्यांत गेल्या होत्या. मी ती ओळ लिहून विसरूनही गेले होते. अठरा वर्षांत तसलं वाक्य मी किती वेळा लिहिलं असेल याचा हिशेब नाही. आम्ही ते हात पुसावेत तसं लिहितो.

"मी विरोध केला नव्हता," ताई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला बरं पडलं असतं. "मी म्हटलं होतं, नळी नको, मला तासभर बसू द्या, मी भरवते. हातात चमचा होता माझ्या. तू माझ्या हाताकडे बघितलंही नाहीस."

मला लाज वाटायला हवी होती. आला राग. तळपायाची आग मस्तकात गेली.

"उद्या माझी मुलाखत आहे आणि आज हे दाखवता? मुद्दाम आजचा दिवस धरलात. आठ दिवस गोड बोलून..."

"गोड मी कधी बोलले?"

"मला पाडायचंय तुम्हाला."

"पाडायचं असतं तर शिकवलं नसतं. शिकवलं, कारण उद्या तू लोकांच्या दारात जाशील आणि वहीत असलंच लिहून येशील. मी सहा वर्षं थांबले. तुला एक दिवस जड गेला?"

मी पर्स उचलली. त्यांनी अडवलं नाही. मी तीन मजले उतरले आणि रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की तो कागद माझ्याच मुठीत आहे.

घरी नवऱ्याला विचारलं, "तुला माहीत होतं?" त्याने वर्तमानपत्र खाली ठेवलं, आठ दिवसांत पहिल्यांदा. "डॉक्टर सगळं मला विचारायचे," तो म्हणाला. "ताईला का विचारत नाहीत, असं वाटायचं. पण तू होतीस ना तिथे. म्हटलं, तुला माहीत असेल." यापेक्षा त्याने ओरडायला हवं होतं.

सोमवारी मुलाखतीच्या खोलीबाहेर आम्ही सात जणी होतो. माझ्या शेजारची मुलगी ओठ हलवत पाठ करत होती. शेवटच्या घटकापर्यंत, शेवटच्या घटकापर्यंत. मी तिला काही बोलले नाही. माझं नाव पुकारलं.

आत लांब टेबलापलीकडे तिघं. मधोमध केस बारीक कापलेल्या अध्यक्षबाई, एका बाजूला तरुण डॉक्टर, दुसऱ्या बाजूला कार्यालयातले एक गृहस्थ, ते फक्त लिहीत होते. वॉर्ड का सोडता, बाईंनी विचारलं. कंबर गेली, मी म्हटलं. गृहस्थांनी वर बघितलं. लसीकरण, क्षयरोग, बाळाचं वजन, सगळं बरं गेलं. मग डॉक्टरांनी विचारलं, तुमच्या हातून झालेली एक चूक सांगा.

मी बाटल्यांची गोष्ट सांगितली. मला तीच सांगायची होती. आदल्या दिवसाचा कागद पर्सच्या तळाशी होता आणि तो तिथेच राहावा असं मी ठरवून आले होते. गोष्ट छान झाली. अध्यक्षबाईंनी ऐकून घेतलं.

"यात नुकसान कुणाचं झालं?"

"कुणाचंच नाही. वेळेत लक्षात आलं."

"मग जिच्यात झालं ती सांगा."

शेजारच्या खोलीत कुणीतरी कागदांवर शिक्के मारत होतं. एकेक शिक्का ऐकू येत होता. दुसरी नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं, आणि सहा वर्षं जे मी स्वतःला सांगत आले होते ते मला पहिल्यांदा किळसवाणं वाटलं.

"मी एका रुग्णाच्या मुलीबद्दल नोंद केली," मी म्हटलं. "मुलगी सहकार्य करत नाही. त्या ओळीमुळे तिला वॉर्डात येऊ दिलं नाही. वडील गेले तेव्हा ती बाहेर बाकावर होती. दरवाजा दहा पावलांवर. मी आत होते."

"ती काय करत होती? म्हणजे, असहकार्य?"

"चमचा घेऊन उभी होती. मला भरवू द्या म्हणत होती."

गृहस्थांचं पेन थांबलं.

"त्या मुलीला नंतर भेटलात?"

"ती माझी नणंद आहे. काल भेटले. तिने नोंद दाखवली."

"काय म्हणालात तिला?"

"म्हटलं, उद्या मुलाखत आणि आज हे दाखवता?"

तरुण डॉक्टरांना हसू फुटलं. त्यांनी ते खोकल्यात लपवलं. अध्यक्षबाई हसल्या नाहीत. "इथे काम करायचं तर अशी दारं रोज भेटतील," त्या म्हणाल्या. "काय लिहाल?"

"दिसलं तेवढंच."

"हे कुठे शिकलात?"

"तिच्याकडेच."

"या तुम्ही," त्या म्हणाल्या. बाहेर आले तेव्हा माझी खात्री झाली होती की आपण स्वतःच्या हाताने चादरींच्या खोलीत जाऊन बसलो.

नवव्या दिवशी पत्र आलं. निवड झाली होती. इन्चार्ज सिस्टरनी ते हातभर लांब धरून वाचलं. "जा मग, फिरा उन्हातान्हातून," त्या म्हणाल्या आणि माझं कार्यमुक्तीचं पत्र तीन दिवस अडवून ठेवलं. नवऱ्याने मला विचारायच्या आधीच बहिणीला फोन करून टाकला होता. ताई काय म्हणाल्या, मी विचारलं. "बरं, म्हणाली," तो म्हणाला.

नव्या कार्यालयात पहिल्या दिवशी मला एक पिशवी, ओळखपत्र आणि भेटींची कोरी वही मिळाली. भाग उद्या नेमून देऊ, आज घरी जा, असं सांगितलं. मी घरी गेले नाही. ताईंच्या घरी गेले. तीन मजले, मध्ये दोनदा थांबत. दार वाजवलं, आणि थांबले.

आत रेडिओ चालू होता, तो बंद झाला.

"कोण?"

"मी. तुमची भावजय." मग मी त्यांनी शिकवलं तसंच म्हटलं. कोण, कशासाठी, आणि चालेल का. "बाबांबद्दल बोलायला आलेय. मी लिहिलेल्या त्या ओळीबद्दल. आत्ता सोयीचं आहे का?"

चपलांचा आवाज दारापर्यंत आला आणि थांबला. आमच्या दोघींच्या मध्ये फक्त लाकूड होतं. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता, म्हणजे माझाही त्यांना येत असणार.

"आज नको," ताई म्हणाल्या.

माझ्या जिभेवर किती काय आलं. तीन मजले चढून आलेय. माझी कंबर. माफी मागायला आलेल्या माणसाला दारात उभं करतात का? असं किती दिवस? मी ते सगळं गिळलं. गिळायला वेळ लागला.

"बरं," मी म्हटलं. "परत कधी येऊ?"



"गुरुवारी," ताई म्हणाल्या. "चार ते सहा."

मग चपला आत गेल्या. रेडिओ पुन्हा लागला नाही. मी खालच्या पायरीवर बसले, पिशवीतून कोरी वही काढली आणि पहिल्या पानावर, जमेल तेवढं सावकाश आणि सरळ अक्षरात, लिहिलं.

पहिली भेट. मुलगी घरी होती. दाराशी आली. आज नको म्हणाली. गुरुवारी चार ते सहा यायला सांगितलं आहे.